ठमीचं तोंड पुन्हा शिवू का? (घरी केलेल्या बाहुल्यांच्या आठवणी)

केतकीपान

ठमी आत्ता माझ्या मांडीवर आहे. वीतभरापेक्षा चार बोटं उंच, चिंध्यांची, मी चार वर्षांची असताना आत्याने करून दिलेली. परवा पेटी आवरताना तिला फडक्यातून सोडवलं, तर डाव्या डोळ्याचा दोरा सुटून गालावर लोंबत होता. तोंड तर उरलंच नव्हतं. लाल दोरा झिजून तुटून गेलेला, मागे नुसता गुलाबीसर डाग. उजवा डोळा मात्र शाबूत. त्या एका डोळ्याने ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला काही सुचेना. म्हणून इथे लिहितेय. प्रश्न शेवटी विचारते, आधी ठमी कोण ते सांगू दे.

आत्या शिवायला बसायची ती खिडकीपाशी, जमिनीवर, पाय पसरून. त्या दिवशी तिने मला समोर बसवलं, चिंध्यांचं बोचकं सोडलं आणि म्हणाली, "तूच निवड." मी पिवळ्यावर बारीक हिरवी फुलं असलेला तुकडा उचलला. तो ठमीचा झगा झाला. अंगासाठी जुन्या अभ्र्याचं कापड, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं.

डोकं आधी झालं. चिंध्यांचा घट्ट गोळा, त्यावर कापसाचा थर, त्यावर पांढरं कापड ताणून घेऊन खाली दोऱ्याचे वेढे. मान लुळी पडू नये म्हणून कापडाची घट्ट सुरळी करून ती डोक्यातून धडात उतरवली होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे मी स्वतः एक बाहुली करून बघितली आणि तिची मान दुसऱ्याच दिवशी पडली, तेव्हा कळलं. हातपाय उलट्या बाजूने शिवून पेन्सिलीच्या बोथट टोकाने सुलटे केले. बोटं नव्हती. केस काळ्या लोकरीचे, मधोमध भांग, आणि भांगावर आत्याची ती बारीक उलटी टीप, जी मशीनची वाटायची. डोळे भरीव टाक्याचे. तोंड म्हणजे लाल दोऱ्याची साखळी, सहा कड्यांची, अगदी सरळ.

कापूस एका जुन्या उशीतला होता. आत्याने तो हाताने पिंजून घेतला तरी एक सरकी त्यात राहून गेली, ती ठमीच्या डाव्या पायात गेली. घोट्याच्या जरा वर. बाहेरून दिसत नाही, पण चिमटीत पाय धरला की लागते. मी झोपताना अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती सरकी धरून गोल गोल फिरवायची. फिरवता फिरवता झोप लागायची. आईला वाटायचं मी ठमीचा पाय धरून झोपते. सरकीबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी सात वर्षांची असताना आईने ठमीला धुतलं. धुवायलाच हवी होती, हे आज कळतं. पण लाल दोऱ्याचा रंग फुटला, हनुवटीपर्यंत उतरला आणि दोरा दोन जागी तुटला. आईने तिला आत्याकडे दिलं. संध्याकाळी ठमी परत आली ती हसत. आत्याला वाटलं, आता करतेच आहे तर छान हसरं तोंड करू या. मी ते तोंड बघितलं आणि जे रडायला लागले ते थांबेचना. मला सांगताही येत नव्हतं काय बिनसलंय ते. आज सांगता येतं. ठमी कधी हसायची नाही, ती ऐकायची. आपण रडून काही सांगतोय आणि समोरची हसतेय, तर तिला पुढे काय सांगणार?

आत्याने समजूत घातली नाही, रागावली नाही. ब्लेडचं पातं घेतलं, मला मांडीवर घेऊन दिव्याखाली बसली आणि ते हसू टाका टाका करून उसवलं. उसवल्यावर कापडात राहिलेली भोकं नखाच्या पाठीने घासून बुजवली. मग पुन्हा सहा कड्या. सरळ. तेच तोंड इतकी वर्षं टिकलं.

आत्या आता नाही. आता प्रश्न असा: मी ठमीचं तोंड पुन्हा शिवावं का? शिवलं तर ते माझ्या हातचं होणार. नाही शिवलं तर तो डागही हळूहळू जाईल आणि दुसरा डोळाही सुटेल. तुमच्याकडे अशी कुणी असेल तर तुम्ही काय केलंत? आणि नसेल करायचं काही, तरी तुमच्या बाहुल्यांबद्दल लिहा. मला वाचायचंय.

माजघर

सरकी वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

रातवा

माझा बाहुला होता. गुंडू. वडिलांनी केलेला.

आई आजारी होती, बरेच दिवस दवाखान्यात. मी पाच वर्षांचा. रात्री झोपायचो नाही. वडिलांना सुईत दोरा ओवता यायचा, तेवढंच. त्यांनी आपला एक राखाडी मोजा घेतला, त्यात दुसऱ्या फाटक्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या आणि मध्ये सुतळी बांधून मान केली. मोज्याची टाच पुढे आली होती, ते गुंडूचं पोट. डोळ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या कोटाची दोन बटणं तोडली. पुढे त्या कोटाला दोन बटणं वेगळ्याच रंगाची लागली आणि ते तसाच तो घालून कामावर जायचे. तेव्हा त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. आता मी स्वतः बाप आहे आणि कोट घालताना दर वेळी ती बटणं आठवतात.

त्यांचे टाके एवढे मोठे होते की फटीतून चिंध्या डोकवायच्या. मी त्या बोटाने आत ढकलायचो. रोजचं काम होतं ते माझं, झोपायच्या आधी गुंडूला नीट आत भरायचं.

नऊ वर्षांचा असताना गुंडू बसमध्ये राहिला. वडील दोनदा आगारात जाऊन आले. नाही मिळाला. मग त्यांनी काय केलं असेल? त्या मोज्याचा जोड त्यांनी ठेवला होता. चार वर्षं, एकटा मोजा. त्याचा दुसरा गुंडू केला. तोच राखाडी रंग, तीच टाच, सुतळीही तशीच. मी त्याला घेतलं, वडिलांना बरं वाटावं म्हणून जवळ घेऊन झोपलोही. पण तो गुंडू नव्हता. एका जोडीतला मोजा, त्याच हाताने केलेला, तरी नव्हता.

तो दुसरा अजून माझ्याकडे आहे. त्याच्यावरही आता जीव आहे, पण वेगळ्या कारणाने. तो माझा खेळगडी नाही, तो वडिलांचा प्रयत्न आहे.

केतकीपान, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तोंड तू शिवलंस तर ती दुसरी ठमी होईल, असं मला वाटत नाही. माझा दुसरा गुंडू दुसरा होता कारण पहिला गेला होता. तुझी तर मांडीवर आहे.

निळाई

रातवा, तुमचं वाचून एक प्रयोग आठवला. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांची मुलं घेतली. त्यांना दोन पेट्या दाखवल्या आणि सांगितलं, हे वस्तूची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र आहे. खरं तर मागे माणूस लपलेला होता आणि तो तसलीच दुसरी वस्तू दुसऱ्या पेटीत ठेवायचा. साध्या खेळण्याची नक्कल झाली की मुलं आनंदाने नवीन, नक्कल असलेलंच घ्यायची. पण ज्याला कुशीत घेतल्याशिवाय झोप येत नाही अशी स्वतःची वस्तू पेटीत ठेवायची म्हटलं की वारं फिरायचं. काही मुलांनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. ज्यांनी ठेवली त्यांना बहुतेक करून आपलीच परत हवी होती.

म्हणजे जोडीचा मोजा चालत नाही हे नऊ वर्षांच्या तुम्हाला जे कळलं, ते तीन वर्षांच्या पोरांनाही कळतं. रूप, रंग, कापड सगळं सारखं असलं तरी "ती" तीच असते. तिच्यात जे घडून गेलंय ते दुसरीत नसतं.

चाफेकळी

मी बिनधास्त सांगते, शिव. बाहुली करणारी मी, मुलीसाठी आणि आता भाच्यांसाठी, आतापर्यंत वीसेक केल्या असतील. चिंध्यांच्या बाहुलीचा चेहरा हा झिजणारच. भरीव टाका आणि साखळी कापडाच्या वर उचललेली असते, त्यामुळे प्रत्येक पापी, प्रत्येक घासणं आधी त्या दोऱ्यावर येतं. कापड टिकतं, चेहरा जातो. म्हणून पूर्वीपासून बाहुल्यांचे चेहरे परत परत काढले गेलेत. तुझ्या आत्यानेच ठमीचं तोंड तीनदा शिवलं ना? मग चौथ्यांदा तू शिव. आत्याची रीत तीच होती.

आणि सरळ तोंडाबद्दल तू जे लिहिलंयस ते शंभर टक्के खरं. वॉल्डॉर्फ नावाच्या शिक्षणपद्धतीतल्या बाहुल्या करतात, लोकर ठासून भरलेल्या, त्यांना मुद्दाम चेहरा जवळजवळ देतच नाहीत. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची बारीकशी रेघ. मुलाच्या मनात त्या वेळी जे असेल ते त्या चेहऱ्यावर उमटायला जागा राहावी म्हणून. मी पहिली बाहुली केली तिला मोठं लालचुटुक हसू दिलं होतं. माझी मुलगी ती खेळायला घ्यायची, झोपायला मात्र दुसरी, कोऱ्या चेहऱ्याची न्यायची. माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

भरावाबद्दलही सांगते, कारण पुढे कुणी करणार असेल तर उपयोग होईल. कापूस मऊ खरा, पण दाब आणि ओलावा मिळाला की त्याचे गठ्ठे होतात आणि ते परत फुगत नाहीत. लोकर दाबली की परत वर येते. चिंध्या सगळ्यात टिकाऊ, पण बाहुली जड होते. मी आता डोक्यात चिंध्या आणि हातापायांत लोकर भरते.

माजघर

आता नीट लिहिते.

आम्ही तिघी बहिणी आणि बाहुली एक. ताईसाहेब तिचं नाव, कारण तिला कुणीच "माझी" म्हणायचं नाही असा आजीचा हुकूम होता. आजीने ती केली तेव्हा तिला तीन बाजूंनी तीन खिसे शिवले. झग्याला पुढे एक आणि दोन्ही कुशींना दोन. प्रत्येकीचा एक खिसा. आपापल्या खिशात आपण काहीही ठेवायचं, दुसरीने हात घालायचा नाही. थोरलीच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या. धाकटीच्या खिशात खडे, पिसं, कसलीतरी बी. माझ्या खिशात मी काही ठेवत नव्हते, नुसतं बोट घालून बसायची. आत आजीने मऊ फलालीनचं अस्तर लावलं होतं.

कुणाच्या वाट्याला कुठली रात्र हे ठरलेलं. आजारी असणारीला मात्र सलग मिळायची. मला गोवर आला तेव्हा सलग नऊ रात्री मिळाली होती आणि बरी झाल्यावर मला थोडं वाईट वाटलं होतं.

एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ओढाताणीत ताईसाहेबांचा हात खांद्यापासून निघाला. तिघी जागच्या जागी थिजलो. आजीने तो हात उचलला आणि सुईदोरा आमच्यापुढे ठेवला. म्हणाली, "तिघींनी मिळून लावा. मी हात लावणार नाही." थोरलीने धावदोरा घातला, मी त्यावरून काजाचे टाके, धाकटीने शेवटची गाठ. गाठ भलीमोठी झाली होती, बोराएवढी. ती तशीच राहिली. पुढे ज्या रात्री माझी पाळी असायची त्या रात्री माझं बोट त्या गाठीवर जायचं.

आजी गेल्यावर ताईसाहेब कुणाकडे जाणार, हा प्रश्न आम्ही आजवर सोडवलेला नाही. दर वर्षी घर बदलते. आत्ता धाकटीकडे आहे. तिच्या खिशात गेल्या वेळी मी पहिल्यांदाच एक चिठ्ठी टाकली. काय लिहिलं ते सांगत नाही, धाकटी इथे वाचते.

पानगळ

माझ्याकडे काही उरलं नाही. घर बदलताना "जुनाट चिंध्या" म्हणून टाकून दिली, मी शाळेत असताना. मी घरी आले तेव्हा खोली रिकामी होती. टाकणाऱ्या माणसाला दोष देत नाही, त्यांना खरंच ती चिंधी दिसली असेल. पण तुमच्यापैकी ज्यांच्याकडे मुलं आहेत त्यांना हात जोडून विनंती, टाकण्याआधी एकदा विचारा.

तिचं नाव बाबी. तिच्या पाठीवर इस्त्रीचा डाग होता, पिंपळपानासारखा. एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं राहू दे.

सुईदोरा

मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, म्हणून जरा कामाचं लिहिते. केतकीपान, घाई करू नका, पहिल्यांदा खालचं करा.

ठमीला आता पाणी लावू नका. लाल दोरा एकदा फुटलाय, तो पुन्हा फुटेल. धूळ काढायची असेल तर तिच्यावर बारीक जाळीचं कापड धरा आणि व्हॅक्यूमचा जोर अगदी कमी करून जाळीवरून फिरवा. कुठे टाचणी, हूक, लोखंडी बटण असेल तर बघा, गंजाने आसपासचं कापड कुजतं. केसांच्या लोकरीत कसर लागलीय का तेही बघा. शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. डांबरगोळ्या नकोत. ठेवताना आम्लरहित कागदात सैल गुंडाळा, हवाबंद प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडू नका. आणि उजेड जपा. संग्रहालयात जुन्या कापडांवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण उजेडाने गेलेला रंग परत येत नाही.

आता चेहरा. आमच्या कामात एक पथ्य असतं: आज जे कराल ते उद्या कुणाला काढून टाकता आलं पाहिजे, मूळ वस्तूला इजा न होता. म्हणून डिंक नाही, रंग नाही, फॅब्रिक पेन तर मुळीच नाही. सुटलेला डोळ्याचा दोरा कापू नका. तो जिथून निघालाय तिथेच परत बसवता येतो. त्याच्यावरून केसासारख्या बारीक रेशमी दोऱ्याचे आडवे टाके घालून तो धरून ठेवायचा. अगदीच जीर्ण असेल तर वरून कापडाच्या रंगाची तलम जाळी ताणून कडेने टाचतात, लांबून दिसतही नाही.

आणि शिवण्याआधी एक करा. खोलीत अंधार करा, टॉर्च गालाच्या रेषेत आडवा धरा, म्हणजे उजेड तिरका पडेल, आणि भिंगातून बघा. वर्षानुवर्षं जिथे टाका होता तिथे सुईचं भोक आणि दोऱ्याची खाच कापडात राहते. आत्यांचं तोंड कुठून कुठे होतं ते कदाचित दिसेल.

एक बाहुली तुम्हा सगळ्यांसाठी. ब्रिटिश म्युझियममध्ये चिंध्यांची एक बाहुली आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेली, रोमन काळातली, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकातली. जाडेभरडे लिनन, आत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे आणि चिंध्या. तिकडची वाळू कोरडी म्हणून ती टिकली. एरवी चिंध्यांच्या बाहुल्या मातीत राहत नाहीत. लाकडाच्या, हाडाच्या, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या उत्खननात मिळतात. कुशीत घेऊन झोपायच्या त्या मात्र कुजून गेल्या. मी जेव्हा जेव्हा तिचा फोटो बघते तेव्हा आत भरलेल्या चिंध्यांकडे बघते. कुणाच्यातरी घरातलं फाटकं कापड, कुणीतरी बसून कोंबलेलं. चेहरा जवळजवळ पुसलेला आहे. पाहणाऱ्याला तरी ती बाहुलीच दिसते.

निळाई

सुईदोरा, न धुण्याचं तुम्ही कापडाच्या बाजूने सांगितलंत. मुलांच्या बाजूनेही ते कुणीतरी सांगून ठेवलंय. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 1953 साली छापलेल्या निबंधात त्यांनी लहान मुलाच्या अशा पहिल्या जिवलग वस्तूबद्दल लिहिलं. गोधडीचं टोक असेल, चिंधी असेल, बाहुली असेल. ती मळली, वास मारायला लागली तरी आई ती धुवत नाही, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडतो आणि तिचं मोलच जाऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं.

तुझ्या आईने ठमीला धुतलं तो खंड, आणि आत्याने तोंड उसवून परत सरळ केलं तो सांधा. मला तरी असं दिसतं.

पण त्यांचंच एक म्हणणं मला पटत नाही. ते म्हणतात, मूल मोठं होतं तशी ही वस्तू आपोआप मागे पडते. ती विसरलीही जात नाही आणि तिचा शोकही होत नाही. वरचं पानगळ यांचं वाचा आणि सांगा, शोक होत नाही?

पानगळ

होतो.

रातवा

माझ्या मते दोन्ही खरं असावं. हळूहळू सुटली तर शोक होत नाही. हिसकावली गेली तर होतो. मी बाराचा होईपर्यंत गुंडू राहिला असता, तर कदाचित मीच त्याला कपाटात ठेवून विसरलो असतो.

चाफेकळी

घरी बाहुली करण्यावरून कॅटे क्रूझ या जर्मन बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1905 साली त्यांच्या मुलीला कुशीत घ्यायला बाहुली हवी होती. नवरा मॅक्स क्रूझ शिल्पकार. दुकानातल्या कडक, थंड बाहुल्या त्याला आवडल्या नाहीत आणि त्याने बायकोला स्वतःच करायला सांगितलं. बाईंनी टॉवेल घेतला, त्यात वाळू भरली, टोकांना गाठी मारून हातपाय केले आणि डोक्यासाठी आत चक्क बटाटा बांधला. नाकडोळे जळक्या काडीने काढले. लेकीने ती बाहुली जिवापाड जपली. पुढे 1910 मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला.

मला त्यातली वाळू फार आवडते. टॉवेलमधल्या वाळूला वजन असतं, ती हातात तान्ह्या बाळासारखी ओघळते. मुलांना बाहुलीचं वजन हवं असतं. माझ्या मुलीच्या बाहुलीच्या बुडाशी मी थोडी स्वच्छ वाळू छोट्या पिशवीत शिवून घातली, तेव्हापासून ती तिला खांद्यावर टाकून थोपटायला लागली. आधी कधी थोपटत नव्हती.

माजघर

चाफेकळी, वजनाचं किती खरं! ताईसाहेब चिंध्यांच्या, चांगल्या जड. कुशीत कुणीतरी आहे हे झोपेतही कळायचं.

केतकीपान, टॉर्चचं करून बघितलंस का?

केतकीपान

सगळ्यांचं वाचलं. काहींचं दोनदा. पानगळ, बाबीचं नाव आणि तिचं पिंपळपान आता मलाही माहीत झालं.

काल रात्री दिवे घालवले, टॉर्च आडवा धरला, भिंग घेतलं. आधी काहीच दिसेना, नुसते कापडाचे उभेआडवे धागे, डोंगरदऱ्यांसारखे. मग टॉर्च जरा खाली घेतला आणि एकदम ओळीने दिसली. सात भोकं. सहा कड्यांना सात, बरोबर.

मी दोन रांगा शोधत होते. कारण पहिलं तोंड मी चार वर्षांची असतानाचं, आणि हसू उसवल्यावर शिवलेलं दुसरं सरळ तोंड सातव्या वर्षीचं. दोन वेळचे टाके एकमेकांवर कसे पडतील? थोडं वरखाली होणारच. पण दुसरी रांग नाही. हसण्याच्या जागी दोन्ही टोकांना वर एकेक पुसट खूण आहे, नखाने घासून बुजवलेली. आणि मधे ही सात भोकं, एकाच रांगेत. म्हणजे त्या संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, मी मांडीवर मुसमुसत असताना आत्याने सुई बरोबर जुन्याच भोकांतून घातली होती. एकेक शोधून. मला वाटत होतं तिने पटकन नवीन तोंड शिवून दिलं.

मी बराच वेळ टॉर्च तसाच धरून बसले.

डोळा सुईदोरांनी सांगितलं तसा जागेवर बसवला, त्याच्याच दोऱ्याने. डाव्या पायातल्या कापसाचे गठ्ठे झालेत, चाफेकळी, तू म्हणतेस तसेच. पण तो पाय मी उघडणार नाही. सरकी अजून आहे. घोट्याच्या जरा वर.

तोंड शिवणार आहे. त्याच सात भोकांतून. एक विचारायचंय: दोरा किती पदरी घेऊ आणि गाठ कुठे मारू? डोकं भरलेलं आहे, मागच्या बाजूने हात जात नाही.

सुईदोरा

एकच पदर घ्या, सुती, आणि तो आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग सुटत नाही ना. सुई बोथट टोकाची, म्हणजे ती धागे चिरत नाही, जुन्या भोकात आपणहून सरकते. गाठ मारू नका. लांब सुईने केसांच्या मुळाशी, लोकरीखालून आत शिरा आणि पहिल्या भोकातून वर या. दोऱ्याचं मागचं टोक वीतभर बाहेर राहू द्या. सहा कड्या झाल्या की तशाच केसांखाली परत निघा. दोन्ही टोकं लोकरीत दोन-तीनदा आतबाहेर फिरवून अडकवली की पुरे. उद्या कुणाला काढायचं झालं तर ओढलं की निघेल.

टाका ओढू नका. कडी कापडावर नुसती बसली पाहिजे.

केतकीपान

झालं. सहा कड्या. उजवीकडची शेवटची जरा तिरकी आलीय, पण तिथलं भोकच तिरकं आहे.